ग्रुप : आपलं गाव, आपला तलाव (फक्त कामाचे मेसेज)

*काकू ढिवरटोली:* काल दोन घंटे पाण्यात उभी होती. मूठभर झिंगे भेटले अन पायाले खाज सुटली ते येगळीच. तलावात ग्रासकार्प सोडाची अक्कल कोनाची होती?

*पिंटू संस्था:* काकू, ठराव सगळ्यायचा होता. ग्रुपवर नको.

*काकू ढिवरटोली:* ह्याच ग्रुपवर अंगठे दाखवले होते ना बाप्पा सगळ्यायनं.

*गुरुजी:* नमस्कार. ग्रासकार्पचा धंदाच गवत खायचा. कमळ, देवधान म्हणजे जंगली भात, पाण्यातलं सगळं गवत त्यानं साफ केलं. मरळ मासळी त्याच गवतात अंडी घालते. पिल्लांना लपायला जागाच उरली नाही. एक बरं, हा मासा साचलेल्या पाण्यात वाढतो पण वीत नाही. ओढून काढला की संपला.

*मुन्ना पुणे:* गुरुजी, शाळा सुटली 😄

*पिंटू संस्था:* रविवारी सकाळी ६ वाजता तलावाच्या पाळीवर (बांधावर). बेशरमची झुडपं उपटाची आहेत. विळा, कुदळ आणा.

*किराणा शेठ:* पहिले टोलीतले पोट्टे फुकटचे मासे खात. आता माह्याकडून सोयाबीन वडी नेतात. तेबी उधारीवर.

*काकू ढिवरटोली:* उधारी इथं कायले काढता शेठ?

*आशाताई:* टोलीत तापाचे दोन पेशंट आहेत. बारीक मासे डासांच्या अळ्या खायचे, ते गेले. बेशरमच्या बुडाशी साचलेल्या पाण्यात अळ्या मी स्वतः पाहिल्या.

*किराणा शेठ:* डेंग्यूचा डास तुमच्या कुलरमध्ये असतो ताई, तलावात नाही.

*आशाताई:* मलेरियाचा असतो ना. आणि कुलर तुम्हीपण रिकामा करा, मागच्या वेळी अळ्या तुमच्याकडेच सापडल्या होत्या.

*पाटील काका:* १९५१ ला मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली. त्याच्याआधी दरसाल गाळ निघत होता. सरकारनं तलाव घेतला अन मामा तलाव नाव पडलं.

*मुन्ना पुणे:* माजी मालगुजारी म्हणून मामा. पण मामा तर आपल्यालेच बनवलं 😂

*काकू ढिवरटोली:* गाळ काढा ना काका. पण तलावाच्या पोटात तुमच्याच दोन बांध्या वावरात उन्हाळी धान हाय. युरिया कोठं जाते मंग?

*पाटील काका:* आजोबांपासूनची वहिवाट आहे. कागद आहेत.

*काकू ढिवरटोली:* पाणी उतरलं का तुमचा कागदबी खाली सरकते.

*सरपंच ताई:* 🙏 विषय ग्रामसभेत घेऊ. शुभ सकाळ 🌸

*पिंटू संस्था:* रविवारी सकाळी ६ वाजता पाळीवर. विळा, कुदळ आणा.

*किराणा शेठ:* रविवारी लग्न आहे. सोमवारी ठेव.

*पिंटू संस्था:* सोमवारपासून अर्धी टोली तेंदूपत्त्याले जाते.

*मुन्ना पुणे:* बेशरम किती वाढली, फोटो टाका ना.

*काकू ढिवरटोली:* येऊन पाय. तीन वर्सं झाले तुले.

*पिंटू संस्था:* रविवारी ६ नाही, ५.३०. ऊन तापते. काका, ट्रॅक्टर देता का? गाळबी काढू.

*पाटील काका:* डिझेल कोण भरणार?