वादळ येतंय आणि गाडी रस्त्यावर: तुमचे अनुभव

घाटपायथा:
मघाशी रेडिओवर 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' लागलं आणि निसर्ग वादळ आठवलं. मच्छीमारांना निदान सांगतात तरी. ट्रकवाल्यांना कोण सांगतं? 3 जून 2020, ट्रक चालवणारे आमचे अण्णा माणगावच्या अलीकडे अडकलेले, गाडी रिकामी. भरलेली गाडी वाऱ्याला दाद देत नाही, रिकामी हौद्याकडून उचलायला लागते. त्यांनी आधी ताडपत्री सोडली, घडी घालून केबिनमध्ये कोंबली. झाड नाही, तार नाही, होर्डिंग नाही अशी जागा शोधून वाऱ्याकडे तोंड करून गाडी लावली, चाकांना दगड. दुपारी वारा फिरला आणि नेमका आडवा लागला. केबिन इतकी हलत होती की किन्नर (गाडीवरचा क्लीनर) खाली उतरून रस्त्याखालच्या मोरीत जाऊन बसला. त्यात लॉकडाऊन, ढाबे बंद. घरी राहा म्हणे! ड्रायव्हरचं घर म्हणजे केबिनच.
लिहा तुमचेही. ड्रायव्हर, मालक, घरचे, कुणीही.

देवगडकर:
तौक्ते वादळ, मे 2021. आंब्याच्या पेट्या भरून तयार होत्या. ड्रायव्हर म्हणाला रात्रीच काढतो, उद्या झाडं पडली की घाट बंद. काढली. माल वाशीला पोचला. मागे झाडावर राहिलेला आंबा सगळा खाली.

मंजू_ठाणे:
फोंडा घाटाने गेला का?

देवगडकर:
नाही हो, गगनबावड्याने. फोंड्याला दरड म्हणत होते. म्हणत होते फक्त.

उरणचा_पोऱ्या:
वादळाचा सिग्नल चढला की जेएनपीटी बंदरात काम बंद. क्रेन बांधतात, रिकाम्या डब्यांच्या (कंटेनरच्या) उंच थप्प्या उतरवतात. पण गेटबाहेर लाईनीत उभ्या ट्रेलरवाल्याला कुणी विचारत नाही. चाळीस फुटी रिकामा डबा ट्रेलरवर म्हणजे शीडच. डबा ट्रेलरला धरणारे चारी लॉक हाताने हलवून बघायचे, नुसतं बघून चालत नाही. चहा ठेवलाय, नंतर लिहितो

टँकरवाली_वहिनी:
आमचे हे तौक्तेच्या वेळी ऑक्सिजनच्या टँकरवर. कोरोनाची दुसरी लाट. बाकीच्यांना थांबा, यांना चला. पुढे पोलिसांची जीप, मागे टँकर, रस्त्यावर फांद्या. मी रात्रभर फोन हातात धरून. ते म्हणतात वारा कळलाच नाही, वायपरवर लक्ष होतं.

घाटपायथा:
वहिनी, दादांना नमस्कार सांगा 🙏

कच्छी_मीठ:
बिपरजॉय वादळ, जून 2023. कांडला बंदर बंद, गाडी गांधीधामला उभी. मालकाचा फोन, भाडं बुडतंय. म्हटलं शेठ, तुम्ही या, चावी देतो. तिथली जुनी माणसं 1998 चं कांडल्याचं वादळ सांगायला लागली की जेवण उतरत नाही. मिठागरांतली माणसं गेली त्यात. आम्ही गप गाडीतच. 15 तारखेला जखाऊकडे आदळलं.

ह्यूस्टनहून_सुहास:
मी ट्रकवाला नाही, गोदामात होतो. 2017, हार्वे वादळ. वाऱ्यापेक्षा पाण्याने मारलं, काही भागांत मीटरभराहून जास्त पाऊस. मोठे हायवे पाण्याखाली. इथे अशा वेळी मदतीचा माल नेणाऱ्यांना ड्रायव्हिंगच्या तासांची मर्यादा सैल करून देतात.

कच्छी_मीठ:
आमच्याकडे मर्यादा कधी होती? 😄

वकील_पनवेल:
होती की. मोटार परिवहन कामगार कायदा 1961, नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता, दिवसाला आठ तास.

कच्छी_मीठ:
शेठला पाठवतो. त्यालाही हसू दे.

म्हसळा_रोड:
वादळानंतरचं कोणी लिहीत नाही. निसर्गनंतर मी विजेचे खांब आणि पत्रे घेऊन श्रीवर्धनकडे जात होतो. पुढे करवतवाले झाड कापणार, गाडी थोडी सरकणार, परत झाड. दिवेआगरला नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या. एका म्हातारीने गाडी थांबवून विचारलं, पत्रे विकायचे आहेत का. सरकारी माल, काय सांगणार तिला.

मंजू_ठाणे:
बाप रे. बरं, उभ्या गाडीवर झाड पडलं तर विमा मिळतो का? भाचा विचारतोय, त्याचा छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) आहे.

वकील_पनवेल:
नुसत्या थर्ड पार्टीवर नाही मिळत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा कव्हर हवा. आणि झाड हलवायच्या आधी फोटो काढायला सांगा, नंबर प्लेट दिसेल असे.