बाइक सकाळी पाच मिनिटं जागेवर गरम करायची, की लगेच निघायचं?

घोडबंदर१५०: सकाळी सेल्फ मारायचा आणि गाडी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, साइड स्टँडवर पाच-पाच मिनिटं धडधडत ठेवायची, ही सवय सोडा. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलचं इंजेक्शन आलं. थंड इंजिनाला जादा पेट्रोल किती द्यायचं ते सेन्सर पाहून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच, ठरवतो. चावी फिरवा, पेट्रोलच्या पंपाचा दोन-तीन सेकंदांचा 'झूंऽऽ' संपू द्या, थ्रॉटलला हात न लावता सेल्फ मारा. हेल्मेटचा पट्टा आणि हातमोजे होईपर्यंत अर्धं मिनिट जातं, तेवढं पुरे. मग पहिले दोन-तीन किलोमीटर चार हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आत.

ऑइल काही सेकंदांत हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या माथ्यापर्यंत, चढतं. पण चेन, टायर उभ्या गाडीत तापतच नाहीत. उलट थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलमध्येच उतरतं, प्लगवर काजळी धरते. शिवाय बंदिस्त पार्किंगमध्ये तो धूर पहिल्या मजल्यावरच्या लोकांनी का घ्यायचा?

कार्ब्युरेटरवाला_कोपरी: सगळ्यांकडे बीएस-६च आहे असं कसं धरता? रस्त्यावर कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल कॉम्प्युटरशिवाय मिसळणाऱ्या, गाड्या अजून भरपूर आहेत. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून तर हवा कमी करून पेट्रोल वाढवणारा चोक असतो. अर्ध्या मिनिटात चोक ढकलून निघालात, तर ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला क्लच दाबताच गाडी बंद पडेल आणि मागे टीएमटीची (ठाणे पालिकेची) बस उभी असेल.

आमची पद्धत अशी: पेट्रोलचा कॉक ऑन, चावी बंद ठेवून तीन-चार हलक्या किका, चोक पूर्ण ओढून चावी लावून किक. वीस-तीस सेकंदांत चोक अर्ध्यावर. चोक पूर्ण सोडूनही आयडल (थ्रॉटल न देता इंजिनाचे फेरे) तेराशे-चौदाशेला टिकलं की निघायचं. याला दीड-दोन मिनिटं लागतात, आणि ती द्यायलाच हवीत.

घोडबंदर१५०: दीड-दोन मिनिटं मान्य, कार्ब्युरेटरला. पाच नाही. एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्याने थंड होणाऱ्या, इंजिनाला वारा चालत्या गाडीतच मिळतो.

पामबीच_सकाळ: दोघंही क्लच विसरलात. रात्रभर उभ्या गाडीच्या क्लच प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटतात. मग पहिला गिअर टाकताच 'खाड्' आवाज येतो, गाडी हातभर पुढे उडी मारते. सुरू करण्याआधी क्लच पूर्ण दाबून दोन-तीन किका मारा. किक नसेल तर गिअरमध्ये टाकून, क्लच धरून गाडी थोडी पुढे-मागे ढकला. प्लेटा सुटतात.

आणि घोडबंदर१५०, तुमचं 'तीन किलोमीटर हळू' नेरूळला कुठे जमवायचं? नवी मुंबईच्या पाम बीच रोडला लागलात की आजूबाजूच्या गाड्या लगेच साठ-सत्तरला. तिथे थंड गाडी चाळीसने चालवणं जास्त धोक्याचं. ज्यांचं गेटच मोठ्या रस्त्यावर उघडतं, त्यांनी एखादं मिनिट जास्त थांबावं हेच बरं.

घोडबंदर१५०: आधी सेक्टरच्या आतल्या रस्त्याने फिरून या. आमच्याकडे सर्व्हिस रोड त्याच कामाला येतो.

कार्ब्युरेटरवाला_कोपरी: सर्व्हिस रोड खोदलेला नसेल तेव्हा! तुमचा उपाय रस्त्यावर अवलंबून, माझा चोकवर. क्लचचं मात्र शंभर टक्के बरोबर. त्यात टायरची हवाही धरा. ती निघण्याआधी, टायर थंड असतानाच मोजायची. आकडा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो, मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरचा वेगळा.