हसरा चेहरा लावला की सूर कळतो?

गोदातीर:
'लेखी बोलण्यात गैरसमज नको असतील तर प्रत्येक वाक्यामागे इमोजी लावा,' असा सल्ला काल इथे कुणीतरी दिला आणि पन्नास जणांनी माना डोलावल्या. मला तो मुळीच पटलेला नाही. मराठीत सूर लिहिता येतो. 'ये', 'ये ना', 'ये की', 'ये हं' मोठ्यानं वाचून बघा. पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात आर्जव, तिसऱ्यात 'विचारतोस काय', चौथ्यात 'विसरू नकोस'. टाइप करताना आपण नेमकी हीच अक्षरं गाळतो.

माझ्या घरचंच सांगते. मी न्यू जर्सीत, धाकटा भाऊ चिंचवडला आईजवळ. गेल्या पावसाळ्यात त्याला लिहिलं, 'आईच्या बीपीच्या गोळ्यांचं काय झालं?' मनात निव्वळ चौकशी होती. दिवसभर ऑफिस करून, दवाखान्याच्या रांगेत उभा राहून घरी आलेल्या माणसाला तो जाब वाटला. उत्तर आलं, 'आणल्या.' पुढे दोन महिने आम्हाला एकमेकांची खुशाली आईकडूनच कळत होती. फोनवर मी 'काय झालं रे' म्हटलं असतं. तो 'रे' लिहायचा राहिला.

तंबोरा:
'रे' लिहिला असता तरी तो दुखावलाच असता. घरचं सगळं एकट्यानं ओढणाऱ्याला लांबून आलेला प्रश्न टोचतोच. आणि इमोजीला नावं ठेवू नका. इमोजीच्या आधीचा, चिन्हांचा हसरा चेहरा सुरूच या कारणानं झाला. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा चालली होती, काहींना ती खरीच सूचना वाटली. मग १९ सप्टेंबरला तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की थट्टा असेल तिथे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस, म्हणजे आडवा हसरा चेहरा :-) टाकावा. विद्यापीठातली माणसं होती ती, त्यांनाही नुसत्या शब्दांतून सूर कळला नाही.

गोदातीर:
इंग्रजीत 'ना' आणि 'हं' नाहीत, म्हणून त्यांना कंस लागला. आपण का उसना घ्यायचा?

वऱ्हाडी ठेचा:
पण कुणाच्या मराठीतले 'ना' आणि 'हं'? मी नागपूरचा. पुण्यात नोकरीला लागलो त्याच महिन्यात टीमच्या ग्रुपवर एकाला लिहिलं, 'काय करून राहिला बे?' आमच्याकडे दोस्ताला असंच विचारतात. त्यानं स्क्रीनशॉट थेट साहेबांना पाठवला. मला केबिनमध्ये बोलावून समज दिली, 'भाषा सांभाळा.' तेव्हापासून मी तिथे फक्त 'नमस्कार, आपण' लिहितो. त्या ऑफिसात माझा एक मित्र झाला नाही.

मुठाकाठ:
तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण 'बे' आमच्या कानाला उर्मटच लागतो. ऑफिसच्या ग्रुपवर प्रमाण मराठी लिहावी, एवढी अपेक्षा चूक नाही.

वऱ्हाडी ठेचा:
म्हणजे सांभाळायचं आम्हीच! तुम्ही 'असो.' लिहून समोरच्याला दाराबाहेर काढता, ते मात्र प्रमाण. 'बे'मध्ये निदान जवळीक आहे.

रंकाळा:
बरोबर बोललात. आमच्या कोल्हापुरात बाया 'मी आलो' म्हणतात. माझ्या आत्यानं नात्यातल्या ग्रुपवर तसं लिहिलं, तर मुंबईच्या सुनेनं खाली 'आले' अशी दुरुस्ती टाकली. आत्या त्या दिवसापासून गप्प आहे, नुसता अंगठ्याचा इमोजी टाकते.

मुठाकाठ:
आत्यांना दुरुस्त करणं वाईटच, त्याचं समर्थन मी करणार नाही. 'असो' तोडून टाकतो हेही मान्य, मी स्वतः तो तसाच वापरतो. पण नवख्या माणसाला 'बे' ऐकवण्याआधी ओळख व्हावी लागते, हे तुम्हीही माना.

तंबोरा:
आता मूळ मुद्द्यावर या. ज्याला बोली ठाऊक आहे त्यालाच 'बे'तला सूर कळतो, 'रे'चंही तेच. नाजूक गोष्ट असेल तर फोनच करावा.

गोदातीर:
इथली रात्र म्हणजे तिथली सकाळची धावपळ, दर वेळी फोन कुठून जमणार? मात्र प्रश्नच टोचतो हे तुमचं म्हणणं मनाला लागलं, नाखुशीनं का होईना, मान्य करते. काल भावाला लिहिलं, 'गोळ्या मी इथून ऑनलाइन मागवू का रे? तुझी एक फेरी वाचेल.' चार मिनिटांत उत्तर आलं, 'मागव ना ताई.'

वऱ्हाडी ठेचा:
तुमचं जुळलं, छान झालं. मुठाकाठ, ओळख व्हायला हवी म्हणता, पण त्या मुलानं मला एकदा तरी विचारायचं होतं, 'बे म्हणजे काय?'