धाकट्या बहिणीला स्वतःचा चेहरा आवडेनासा झाला आहे. तिच्याशी कसे बोलावे?

प्रश्न (मोठी बहीण)
माझी बहीण १९ वर्षांची आहे. गेले सहा महिने ती घरात कुणालाही स्वतःचा फोटो काढू देत नाही. परवा दार अर्धवट उघडे होते म्हणून दिसले : पलंगाच्या कडेला बसून ती एकामागून एक सेल्फी काढत होती, प्रत्येकात दोन बोटांनी नाक मोठे करून पाहत होती आणि लगेच तो पुसून टाकत होती. मग ती इन्स्टाग्रामवर तिच्याच वयाच्या मुलींचे फोटो पाहत बसली आणि जेवायला उठलीच नाही. ‘तू छान दिसतेस’ असे म्हटले की ती आणखीच गप्प होते. आईच्या मते फोन काढून घ्यावा, पण मला ते पटत नाही. मी काय करावे?

उत्तर (समुपदेशक)
ताई, फोन हिसकावू नका. तिने तुमच्यापासून लपवायला सुरुवात केली, तर आज जे तुम्हाला दिसले तेही दिसणार नाही. आधी सेल्फीविषयी सांगते, कारण तिचा सगळा पुरावा तिथलाच आहे. २०१८ साली शल्यविशारदांच्या एका नियतकालिकात गणिताने दाखवले गेले की साधारण ३० सेंटिमीटरवरून घेतलेल्या फोटोत नाक आहे त्यापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते आणि दीड मीटरवरून घेतलेल्या फोटोत हा फरक जवळजवळ उरत नाही. म्हणजे ती ज्या नाकाला नावे ठेवते आहे, ते बऱ्याच अंशी कॅमेऱ्याच्या अंतराने घडवलेले आहे.

तुलना हा माणसाचा स्वभावच आहे, आणि मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच तो मांडला होता. मात्र पूर्वी तुलना वर्गातल्या वीस-पंचवीस मुलींशी होत असे, आता ती निवडून, उजळवून, फिल्टर लावून ठेवलेल्या हजारो चेहऱ्यांशी होते. २०२१ मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांत, स्वतःच्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते असे सांगितल्याची नोंद होती.

जेवण टाळणे, माणसे टाळणे आणि तासन्‌तास एकच अवयव तपासणे ही लक्षणे चालू राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. शरीरप्रतिमेच्या विकारावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो.

उत्तर (यातून गेलेली, वय २३)
मला ‘तू छान दिसतेस’ हे वाक्य त्या काळात अजिबात सहन होत नसे, कारण त्यातही विषय माझ्या दिसण्याचाच राहायचा. मी दोन वर्षे फिल्टरशिवाय एकही फोटो टाकला नव्हता; त्यामुळे आरशातला चेहराच मला परका वाटू लागला होता. मैत्रीण रोज माझ्याशी मी शिकत असलेल्या विषयावर, भांडणांवर, कशावरही बोलायची, तेवढा वेळ माझे नाक माझ्या डोक्यात नसायचे. पुढे मी स्वतःच बसून, जी खाती पाहून उठल्यावर मन खट्टू होते ती एकेक करून अनफॉलो केली. बाहेरून कुणी सांगितले असते तर मी केले नसते.

उत्तर (वाचक)
सगळा दोष चित्रांवर टाकण्याची घाई नको. या विषयावरच्या बहुतेक अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आधीच उदास असलेली मुलगीही फोनमध्ये अधिक वेळ घालवते. अर्थात २०१८ च्या एका प्रयोगात १४३ विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी तीन आठवडे समाजमाध्यमाचे प्रत्येक ॲप दिवसाला १० मिनिटांपुरते ठेवले, त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली होती, म्हणून वेळ कमी करण्यात अर्थ आहे. पण सहा महिन्यांपूर्वी तिच्या आयुष्यात काय घडले, हे कुणी विचारले आहे का?

प्रश्नकर्ती
नाही, ते मला सुचलेच नव्हते. काल विचारले. उत्तर मिळाले नाही, पण फोन पालथा ठेवून ती बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिली. तज्ज्ञांकडे जायला ती तयार झाली, तर मी तिच्यासोबत आत बसावे का?

उत्तर (समुपदेशक)
ते तिला ठरवू द्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी आधी हाच प्रश्न विचारते, आणि ती ‘बाहेर थांब’ म्हणाली तरी मनाला लावून घेऊ नका.