प्रतिसाद: ब्रिटिश कायदा नाही हो!

वर कोणीतरी म्हटलंय की आयर्लंडमध्ये ब्रिटिश कायदाच चालतो, ते अर्धंच खरंय. कॉमन लॉ (म्हणजे कोर्टाच्या जुन्या निकालांवर उभा राहिलेला कायदा) ब्रिटनचाच, वकिलांची सॉलिसिटर (अशिलाचं कागदोपत्री काम बघणारे) आणि बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारे) ही विभागणीपण तशीच, पण आयर्लंडला 1937 ची लिखित राज्यघटना आहे आणि तिच्याशी विसंगत कायदा हायकोर्ट सरळ रद्द करू शकतं, लंडनच्या कोर्टांना संसदेचा कायदा असा रद्द करणं जमत नाही. घटना बदलायची तर नुसती संसद पुरत नाही, सार्वमत लागतंच. गर्भपातबंदी 2018 ला अशीच उठली, आणि त्यामागे आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवारचा गर्भपात नाकारल्यानंतर 2012 मध्ये आयर्लंडच्या गॉलवे शहरात झालेला मृत्यू होता हे विसरू नका. बाकी कोर्टं खालून डिस्ट्रिक्ट, सर्किट, हाय, अपील आणि सुप्रीम. अपील कोर्ट तर 2014 चं, म्हणजे अगदी कालपरवाचं. आणि हो, आपल्या भारतीय राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं (सरकारने कोणत्या धोरणाने चालावं ते सांगणारी) त्यांच्या घटनेतूनच उचललीत!