डोंग्यातून दोन लहान पोरं घेऊन पलीकडं जायचं आहे, काय काय सांभाळू?

काठावरची माय

नमस्कार सगळ्यांना. थोडं लांब लिहून राहिली पण नीट सांगितल्याशिवाय समजणार नाही. माझं माहेर गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरच्या पलीकडं, कुही तालुक्यात आहे आणि आम्ही अलीकडच्या काठाला राहतो. रस्त्यानं जायचं म्हटलं तर दोन गाड्या बदलून अर्धा दिवस जातो आणि पोरं उलट्या करतात, डोंग्यानं गेलं तर पंचवीस मिनिटं. म्हणून सगळे डोंग्यानंच जातात, मी पण लग्नाच्या आधीपासून जात आली, कधी भीती वाटली नाही.

पण दिवाळीला गेलो तेव्हा असं झालं की पोरगी (तिला आता तीन पूर्ण होतील) माझ्या मांडीवर होती, मोठा साडेपाचचा आहे तो समोर बसला होता. मधात एक पांढरा बगळा अगदी जवळून उडाला आणि ती एकदम त्याच्याकडं झेपावली. मी फ्रॉक धरला तर मागची नाडी सुटून माझ्या हातात आली, पोरगी अर्धी बाहेर. माझ्या आईनं पाय धरला म्हणून वाचली. दोन सेकंदाची गोष्ट आहे पण मला अजून रात्री आठवते, ती नाडी हातात कशी आली ते.

तेव्हापासून आई म्हणते की पोरीला ओढणीनं कमरेला बांधून बस, आम्ही तुम्हाला असंच नेत होतो. डोंग्यात दोन लाइफ जॅकेट आहेत पण दोन्ही मोठ्या माणसाचे, आणि लोक ते बुडाखाली घेऊन बसतात. आता एप्रिलमध्ये भावाचं साक्षगंध आहे, जावंच लागते. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बांधणं बरोबर आहे का? लहान पोरांचं जॅकेट कसं घ्यायचं, कोणतं? आणि पंचवीस मिनिटं यांना एका जागी बसवायचं कसं, कारण मोठा दर मिनिटाला उभा राहतो आणि लहानी दहा मिनिटांनी रडायला लागते. कोणी रोजचं जाणारं येणारं असेल तर सांगा.

डोंगेवाला

ताई पहिले एकच सांगतो, बांधू नका. ओढणीनं नाही, दुपट्ट्यानं नाही, डोंग्याच्या फळीला तर अजिबात नाही. तुमच्या आईचा राग नका येऊ देऊ, आमच्या घरच्या बाया पण बांधत होत्या, मायेनंच बांधत होत्या. पण डोंगा उलटला तर काय होते ते ऐका. उलटला की माणूस डोंग्याच्या खाली जाते, साडी पायाला गुंडाळते, आणि पोरगं कमरेला बांधलेलं असलं तर ते तुमच्यासोबत खालीच राहते. ओल्या ओढणीची गाठ पाण्यात सुटत नाही. माझा पाय एकदा जाळ्यात गुंतला होता छातीइतक्या पाण्यात, चाकू जवळ होता म्हणून निघालो, ते पण मी ढिवराचा पोट्टा, पाण्यातच वाढलेला. तीन वर्षाच्या लेकराला कोण सोडवणार.

आता दुसरं, मांडीवर नका घेऊ. मांडीवरचं पोरगं तुमच्या छातीइतकं उंच होते, मग ते झुकलं की तुम्ही पण झुकता आणि सोबत डोंगा पण. आमचा डोंगा अरुंद असते, वजन जितकं खाली तितका तो शांत. म्हणून आडव्या फळीवर नाही, खाली बुडाला बसायचं, पोतं नाहीतर चटई टाकून. पोरगी तुमच्या दोन्ही पायांच्या मधात, तिची पाठ तुमच्या पोटाला. मोठा दुसऱ्या माणसाच्या पायांच्या मधात. एक पोरगं एक माणूस, हे काठावरच ठरवून टाका, आणि ज्याच्याकडं पोरगं त्यानं ना फोन पाहायचा ना पिशवी सांभाळायची. दोन पोरं एका बाईकडं असतील तर मी माझ्या डोंग्यात बसवत नाही, थांबा म्हणतो, दुसऱ्या फेरीला या.

टाइमाचं पण सांगतो. एप्रिलमध्ये सकाळी सात ते नऊ पाणी आरशासारखं असते. दुपारून हवा सुटते आणि बॅकवॉटर हे नदीसारखं नसते, मोकळं पडलेलं असते, लाट उठली की बाजूनं मारते. साक्षगंध सकाळचं असो की संध्याकाळचं, तुम्ही सकाळीच जा. वळवाचं आभाळ दिसलं तर काठ सोडू नका, पाण्यावर सगळ्यात उंच आपलंच डोकं असते आणि वीज तेच पाहते. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणात गेलेल्या झाडांचे ठुठे वर येतात, काही पाण्याच्या बोटभर खाली राहतात, दिसत नाहीत. ज्याला रस्ता माहीत आहे त्याच्याच डोंग्यात बसा, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालते.

नावाड्याला विचारायला लाजू नका. किती माणसं घेणार, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. पाच लिटरची तेलाची रिकामी कॅन, झाकण घट्ट लावलेली, तिला सातआठ हात दोरी, अशा दोन कॅन घरून घेऊन जा. कोणी पडलं तर त्याच्यामागं उडी नाही मारायची, ही फेकायची. आणि उलटलाच तर डोंगा सोडायचा नाही, लाकडाचा डोंगा पालथा झाला तरी तरंगते, त्यालाच धरून राहायचं. काठ जवळ दिसते पण पोहून गेलं की दूर होते.

पोहायला शिकवणारा, नागपूर

वरच्या दादांनी बांधण्याबद्दल जे लिहिलं ते शंभर टक्के बरोबर. मी फक्त जॅकेटबद्दल सांगतो कारण त्यात लोक खूप फसतात.

मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर ते न घातल्यासारखंच आहे, पाण्यात पडल्यावर जॅकेट वर येतं आणि मूल त्यातून खाली सरकून निघून जातं. मुलाच्या वयावर नाही, वजनावर घ्यायचं, आतल्या लेबलवर किती किलो ते किती किलो लिहिलेलं असतं. मग त्याच लेबलवर 50 किंवा 100 आकडा असतो, तो तरंगवण्याच्या ताकदीचा, 50 वालं हे पोहता येणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या पोरांना 100 वालं आणि मागं कॉलर असलेलं पाहिजे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, ते पालथं पडतं, ती कॉलर तोंड वर ठेवायला मदत करते. आणि पायांच्या मधून जाणारा पट्टा हवाच हवा. तो नसेल तर दुकानदार कितीही चांगलं म्हणाला तरी घेऊ नका.

घरी आणल्यावर सगळे पट्टे लावा आणि जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून मुलाला वर उचला. हनुवटी आणि कान जॅकेटच्या आत गेले तर मोठं आहे, परत करा. ज्या दिवशी मापात बसतं त्या दिवशी वर उचललं की मूल जॅकेटसकट उचललं जातं, जागचं हलत नाही. वर्ष सहा महिन्यांनी परत पाहायचं, मुलं वाढतात. आणि त्याच्यावर बसू नका, आतला फोम दबला की तरंगवण्याची ताकद कमी होते, तुमच्या डोंग्यातली ती दोन जॅकेटं बहुतेक त्यामुळेच कामातून गेली असतील.

हवेच्या बाह्या, पोहायची ट्यूब, हे सगळं खेळणं आहे, नावेत त्याचा उपयोग नाही, मूल त्यातून निसटतं.

आणखी एक गोष्ट जी मला सगळ्या आईबापांना ओरडून सांगावीशी वाटते, बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर खाली होत राहतं, श्वास घ्यायलाच वेळ नसतो तर आवाज कुठून काढणार, एका मिनिटाच्या आत सगळं संपतं. म्हणून आवाज आला की पाहू असं चालत नाही, सतत नजर पाहिजे आणि हाताच्या अंतरावर पाहिजे.

जॅकेट घालून आधी एकदा सवय करा. गावच्या तलावात, जिथं तुम्हाला कमरेइतकं पाणी आहे तिथं, तुम्ही धरून पाठीवर झोपवा, आभाळाकडं पाहायला सांगा. पहिल्यांदा रडतील. दोनतीन वेळा केलं की पडल्यावर घाबरून हातपाय मारणं कमी होतं.

चामोर्शीकडची ताई

मी अंगणवाडीत आहे त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे 🙂 पण आधी एक. 2024 च्या जानेवारीत आमच्या तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली, आणि 2021 च्या सप्टेंबरमध्ये अमरावतीकडं झुंजला वर्धा नदीत एकमेकांच्या नात्यातले 11 जण गेले. मिरचीवाल्या बाया तर कामालाच निघाल्या होत्या. तुमची आई म्हणते ना आम्ही असंच नेत होतो, तिला हे सांगा, पण हळू सांगा.

आता पोरांचं. लेकरं पाण्याकडं झुकतात कारण त्यांना पाण्याला हात लावायचा असते, नुसतं नको नको म्हणून ते थांबत नाहीत. म्हणून पाणीच आत आणायचं. चापट बुडाचा रुंद डबा घ्या, निघताना काठावरच तीन बोटं पाणी भरा आणि पोरीच्या पायांच्या मधात ठेवा. त्यात एक पळसाचं पान, एक बाटलीचं झाकण, दोन खडे. पान तरंगते, खडा बुडते, झाकणात खडा ठेवला तर काय होते? माझी भाची यातच वीस मिनिटं बसते, बाहेर पाहत पण नाही. डब्याला सुतळी बांधून फळीला बांधा म्हणजे पडला तर कोणी त्याच्यामागं झेपावणार नाही. जी वस्तू हातातून पाण्यात पडू शकते ती एकतर बांधलेली पाहिजे नाहीतर घरीच पाहिजे, बाहुली असो की चप्पल. पोरं वस्तूच्या मागं जातात.

मोठ्याला काम द्या. त्याला बसवायचं नाही, कामाला लावायचं. बॅकवॉटरमध्ये मच्छीवाल्यांची जाळी टाकलेली असतात ना, त्यांना थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या बांधलेल्या राहतात, त्या मोजायचं काम त्याचं. बसून मोजलं तरच मोजणी धरायची, उभा राहिला की पुन्हा एकपासून. दुसरं म्हणजे पाणकावळा. तो डुबकी मारते आणि भलतीकडंच निघते, तर डुबकी मारली की सगळ्यांनी बोटं मोडत मोजायचं आणि कुठून निघणार ते आधी सांगायचं, डावीकडं का उजवीकडं. ठुठ्यावर पंख पसरून वाळवत बसलेला दिसला तर त्याला पण एक गुण. पण एक नियम पक्का करा, पक्षी दिसला तर बोट दाखवायचं, अंग वळवायचं नाही. डोंग्यातले सगळे एकदम एका बाजूला पाहायला वळले की डोंगा तिकडंच कलते, मोठी माणसं पण हेच करतात.

मुरमुरे फुटाणे एक एक करून द्या, सगळे एकदम नाही, एक एक दाणा दिला की खायला वेळ लागते (फुटाणे मोठ्यालाच, लहानीला नुसते मुरमुरे, फुटाणा घशात अडकते). निघायच्या आधी काठावर सूसू करवून घ्या, अर्धं रडणं तिथंच संपते. टोपी हनुवटीखाली बांधायची, पाण्यावरून ऊन खालून पण लागते. मोबाइलवर कार्टून नका लावू, मान खाली घालून मळमळते आणि फोन पडला की काय होईल ते सांगायची गरज नाही.

काठावरची माय

खूप खूप आभार सगळ्यांचे. बांधण्याचं आईला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण ओढणी परत पेटीत ठेवली. नागपूरच्या दादांना एक विचारायचं, समजा काही झालंच आणि पोरगं पाणी प्यालं तर आमच्याकडं उलटं धरून पाठीत मारतात, पोट दाबतात, ते करायचं का?

पोहायला शिकवणारा, नागपूर

नाही ताई. उलटं धरायचं नाही आणि पोट दाबायचं नाही, त्यानं पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं आणि वेळ वाया जातो. सपाट जागेवर उताणं झोपवा, श्वास चालू आहे का पाहा. नसेल तर मान थोडी मागं करून तोंडानं 5 वेळा हळू हवा भरा, छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध 30 वेळा जोरात दाबायचं, 2 वेळा हवा, असं मदत येईपर्यंत. दुसऱ्या माणसानं 108 लावायचा. आणि शुद्धीवर आलं, खेळायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो. जमलं तर जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून हात बसत नाही.

काठावरची माय

साक्षगंध झालं, काल परत आलो, म्हणून लिहून राहिली. जॅकेटं नागपूरहून मागवली, पहिलं मोठं निघालं, खांद्याला धरून उचललं तर पोरीचे कान आत गेले, परत पाठवलं आणि दुसरं बोलावलं. तलावात तीन दिवस घेऊन गेलो, पहिल्या दिवशी लय रडली.

सकाळी सव्वासातला निघालो. मी आणि पोरगी, माझे दीर आणि मोठा, नावाड्याला आधीच सांगितलं होतं की सहाच माणसं. त्यानं थोडं तोंड वाकडं केलं पण दोन जागेचे पैसे जास्तीचे दिले मग काही नाही बोलला. डब्याची आयडिया एक नंबर ताई, पोरगी झाकणात खडे भरत राहिली, मधात बगळा उडाला तर तिनं नुसतं बोट दाखवलं. मी तरी पायांनी धरूनच होती. मोठ्यानं जाळ्याच्या 41 बाटल्या मोजल्या आणि चार वेळा एकपासून सुरू केलं.

येताना निघायच्या वेळेला दुपारी हवा सुटली, भाऊ म्हणे जाते का, मी म्हटलं नाही, रात्रभर थांबलो आणि काल सकाळी आलो.

आता आमच्या घाटावरच्या दोन बाया मागं लागल्या आहेत की आम्हाला पण पाहिजे. एकीचं पोरगं 11 किलो आणि दुसरीची पोरगी 17 किलो. दादा यांना कोणतं माप बसेल ते सांगा, एकदमच मागवतो.