रुबी ब्रिजेस वर्गात कोणाशेजारी बसायची?

शार्लटची_आई:
माझी लेक दुसरीत आहे, इथे नॉर्थ कॅरोलिनात. शाळेत रुबी ब्रिजेसचा, म्हणजे गोऱ्यांच्या शाळेत गेलेल्या त्या काळ्या मुलीचा, फोटो दाखवला, सहा वर्षांची पोर दप्तर घेऊन पायऱ्या उतरतेय आणि आजूबाजूला संरक्षणाला उंचच्या उंच मार्शल, केंद्र सरकारचे पोलीस. घरी आल्यावर विचारते, आई मग ती आत कोणाशेजारी बसायची? मला उत्तरच देता येईना. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेतलं, गर्दीने दंगा केला, एवढंच आपल्याला माहीत असतं, आत गेल्यावर रोज काय व्हायचं ते कुणी सांगत नाही. कोणी वाचलंय का, किंवा तो काळ बघितलेलं कोणी ओळखीचं आहे का?

दक्षिणेत_बावीस_वर्षं:
कोणाशेजारीच नाही. १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लीन्स. पहिला अख्खा दिवस ती मुख्याध्यापकांच्या ऑफिसात बसून होती, कारण गोरे आईबाप येऊन आपापली मुलं घेऊन जात होते. दुसऱ्या दिवसापासून वर्गात दोघीच, ती आणि बार्बरा हेन्री नावाच्या बाई, बॉस्टनहून आलेल्या. वर्षभर दोघीच, अभ्यासही दोघींचा आणि खेळही. बाहेर एक बाई रोज विष घालीन म्हणून ओरडायची, त्यामुळे पोरगी फक्त घरचंच खायची. आणि कोणीतरी छोट्याशा शवपेटीत काळी बाहुली घालून आणायचं, त्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची असं तिने स्वतः मोठेपणी सांगितलंय. वडिलांची नोकरी गेली ती वेगळीच.

मिंटू_नागपूर:
आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहराचंही सांग तिला, थोडी मोठी झाली की. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या होत्या, तरी १९५७ ला तिथल्या गोऱ्यांच्या हायस्कूलात नऊ काळ्या मुलांना आत जायला सैन्य लागलं. मला त्यातली एलिझाबेथ एकफर्ड विसरता येत नाही. बाकी आठ जणांना आदल्या रात्री निरोप गेला की सगळे एकत्र जाऊया, हिच्या घरी फोनच नव्हता! ही स्वतः शिवलेला ड्रेस घालून बसने एकटी गेली, गव्हर्नरने उभ्या केलेल्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या सैन्याच्या, शिपायांनी आत सोडलं नाही, मग मागे किंचाळणारी गर्दी घेऊन पुन्हा बस स्टॉपपर्यंत चालत आली आणि बाकावर बसून राहिली. पंधरा वर्षांची होती फक्त. नंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने १०१वी एअरबोर्न ही लष्कराची तुकडी पाठवली, पण सैनिक कॉरिडॉरपर्यंतच, बाथरूममध्ये आणि जिममध्ये कोण येणार बरोबर? ढकलणं, थुंकणं सगळं तिथेच व्हायचं. आणि पुढच्या वर्षी, १९५८-५९ ला, गव्हर्नरने शहरातली चारही हायस्कूलं बंदच ठेवली, म्हणजे गोऱ्या मुलांचंही वर्ष गेलं.

केतकी_व्हर्जिनिया:
माझ्या शेजारच्या आजी या सगळ्यातून गेल्यात. १९७० च्या सुमाराला त्यांना बसने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातलं, तेरा वर्षांच्या होत्या, सकाळी अंधारात निघायच्या. मी एकदा विचारलं की सगळ्यात वाईट काय वाटलं, मला वाटलं मारामारीचं काही सांगतील. त्या ट्रॉफ्यांचं बोलल्या. त्यांची जुनी काळ्या मुलांची शाळा बंद केली तेव्हा बँडच्या आणि बास्केटबॉलच्या ट्रॉफ्या मागच्या अंगणात कचऱ्यात पडलेल्या बघितल्या त्यांनी, त्यातल्या एकीवर त्यांच्या मोठ्या भावाचं नाव होतं. ती त्यांनी उचलून आणली, अजून हॉलमध्ये आहे, मूठ तुटलेली. आणि त्यांच्या बाई, ज्यांनी दोन पिढ्यांना गणित शिकवलं, त्यांना नव्या शाळेत घेतलंच नाही. दक्षिणेत हे फार ठिकाणी झालं बघ, मुलं एकत्र आली पण काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक हजारोंनी घरी बसले. आजी म्हणतात पुस्तकं चांगली मिळाली, लॅब मिळाली, पण मी दोन दिवस आले नाही तर घरी येऊन चौकशी करणारं कोणी उरलं नाही. तरी एकत्र शाळा चुकीची होती असं त्या कधीच म्हणत नाहीत, विचारलं तर चिडतात.

रंकाळ्याचा:
हे वाचून आजोबा आठवले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला, म्हणजे अमेरिकेतल्या निकालाच्या ३५ वर्षं आधी. आजोबा त्या हुकुमानंतर शाळेत गेलेले. नाव पटावर होतं, पण गुरुजी पाटी लांबूनच बघायचे, हातात घ्यायचे नाहीत. ती पाटी दोन्ही हातांनी वर धरून उभं राहायचं, हात दुखेपर्यंत, हे ते ऐंशीव्या वर्षी करून दाखवायचे. केतकीताई, तुमच्या शेजारच्या आजींना माझा नमस्कार सांगा.

शार्लटची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, रडले मी वाचताना. लेकीला रुबीचं तेवढं सांगितलं. लगेच म्हणाली, मग दुसऱ्या वर्षी? शोधून बघितलं. दुसऱ्या वर्षी वर्गात बाकीची मुलं आली होती, पण हेन्री बाईंना शाळेने परत बोलावलं नव्हतं. हे ऐकून ती खूप वेळ गप्प बसली, आणि मग विचारलं, बाईंना कोणी सांगितलं का की वर्ग भरला म्हणून.